बूस्टचा आकडा आणि त्याच्यामागचं शून्य

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत. सगळे काढले असते तर मी बोललोय असं वाटलंच नसतं.

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून सुचला. त्यांच्याकडे टर्बो पेट्रोल गाडी आहे, पुण्यात असते, रिमॅप केलेली. डॅशबोर्डवर वेगळं लावून घेतलेलं बूस्ट गेज जोरात पळवताना १.२ बार दाखवतं. त्याच वेळी ओबीडीला जोडलेलं फोनवरचं ॲप २.१५ बार दाखवतं. "यातलं खरं कुठलं, आणि माझं इंजिन धोक्यात आहे का?" असा त्यांचा प्रश्न.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो: दोन्ही खरे आहेत. दोघांचं शून्य वेगळं आहे, एवढंच. गेज म्हणतंय, "बाहेरच्या हवेपेक्षा १.२ बार जास्त." ॲप म्हणतंय, "पूर्ण निर्वातापासून मोजलं तर २.१५ बार." पुण्यात बाहेरच्या हवेचा दाब साधारण ०.९५ बार असतो. १.२ अधिक ०.९५. हिशोब जुळला.

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. टाइमझोन न लिहिलेली वेळ जशी असते, तसाच शून्य न सांगितलेला बूस्टचा आकडा. दिसायला पूर्ण, पण अर्धी माहिती गायब. आणि हा गोंधळ फोनवरच्या ॲपने सुरू केलेला नाही. तो पावणेदोनशे वर्षं जुना आहे. त्याच्यावर हवाई युद्धातल्या वैमानिकांचे जीव लागलेत आणि शर्यतींचे निकालही फिरलेत. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर तिथून यावं लागेल.

दोन फ्रेंच माणसं, दोन शून्यं

हवेला वजन असतं, हे टॉरिचेलीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखवलं. समुद्रसपाटीला पाऱ्याचा स्तंभ साधारण ७६० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३० इंच उभा राहतो. पण पाऱ्याची उंच काचेची नळी घेऊन फिरणार कोण? यंत्रांना धातूचं, आटोपशीर, काटा असलेलं गेज हवं होतं.

ते पाच वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी दिलं. १८४४ मध्ये ल्युसियाँ विदी याने ॲनेरॉइड बॅरोमीटरचं पेटंट घेतलं. पातळ पत्र्याची बंद डबी, आतली हवा काढलेली. बाहेरचा दाब वाढला की डबी चेपते, काटा हलतो. आत जवळजवळ निर्वात असल्यामुळे ही डबी दाबाची तुलना निर्वाताशी करते. याला म्हणायचं ॲब्सोल्यूट दाब.

१८४९ मध्ये युजीन बुर्दों याने वेगळी युक्ती केली. चपट्या धातूच्या नळीला वाकवून कमान केली, एक टोक बंद केलं. आत दाब भरला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. पण ती कशाच्या तुलनेत सरळ होते? बाहेरच्या, खोलीतल्या हवेच्या. म्हणजे बुर्दोंचं शून्य म्हणजे "आज, इथे जी हवा आहे ती". याला म्हणायचं गेज दाब.

वाफेच्या बॉयलरसाठी बुर्दोंचं शून्यच योग्य होतं. बॉयलर फुटतो तो आतला आणि बाहेरचा दाब यांच्यातल्या फरकाने. आजही टायरमध्ये हवा भरताना आपण ३२ पीएसआय म्हणतो, ते याच अर्थाने.

इंजिनाचं मात्र तसं नाही. इंजिनाला फरकाशी घेणंदेणं नाही. सिलिंडरमध्ये एकूण किती हवा शिरली, याच्याशी आहे. ती ठरते ॲब्सोल्यूट दाबावर आणि तापमानावर. बूस्ट गेज बॉयलरच्या घराण्यातलं असू शकतं, इंजिन मात्र कायम बॅरोमीटरच्या घराण्यातलं असतं. सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे.

डोंगरावर नेलेलं इंजिन

टर्बोची मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीची, पेटंट १९०५ चं. वाया जाणाऱ्या एक्झॉस्टने टर्बाइन फिरवायची आणि त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने हवा आत कोंबायची. पण आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचा आहे १९१८ चा प्रयोग. जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन ट्रकवर लादून अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक या डोंगरावर नेलं. उंची सुमारे ४,३०० मीटर. विमान उंचावर गेल्यावर काय होईल, हे जमिनीवर उभं राहून तपासायचं होतं.

तिथे हवेचा दाब साधारण ०.६ बार. सपाटीला जवळपास ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन डोंगरावर सुमारे २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ते ३५० च्या थोडं पुढे गेलं.

आता या प्रयोगात दोन गेज लावलीत असं समजा. इंजिनाला समुद्रसपाटीएवढी हवा परत मिळवून द्यायची, तर बुर्दोंच्या जातीचं गेज साधारण ०.४ बार बूस्ट दाखवेल. विदीच्या जातीचं गेज १ बार दाखवेल, म्हणजे सपाटीला विनाटर्बो इंजिनाला फुकट मिळतं तेवढंच. एक गेज म्हणतं, "बूस्ट आहे." दुसरं म्हणतं, "कुठे काय, सगळं नेहमीसारखं." इंजिनाच्या पिस्टनला विचारलं तर तो दुसऱ्या गेजच्या बाजूने साक्ष देईल.

१९४०: तीन देश, तीन भाषा

दुसऱ्या महायुद्धापर्यंत लढाऊ विमानांच्या इंजिनांत सुपरचार्जर नेहमीचा झाला होता. तो एक्झॉस्टऐवजी इंजिनाच्याच गिअरवर फिरतो, पण दाबाचं गणित तेच. आणि प्रत्येक देशाने ते आपापल्या भाषेत लिहिलं.

अमेरिकन गेज इंच पाऱ्यात आणि ॲब्सोल्यूट. इंजिन बंद असताना काटा ३० च्या आसपास. जर्मन गेज "अटा" या एककात, तेही ॲब्सोल्यूट. एक अटा म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक किलो. ब्रिटिश गेज मात्र पौंडात, अधिक-उणे चिन्हासकट, आणि त्याचं शून्य म्हणजे समुद्रसपाटीचा प्रमाण दाब, १४.७ पौंड. बाहेरची हवा नव्हे, प्रमाण हवा. म्हणजे आतून ते विदीच्याच जातीचं होतं, फक्त काट्याची सुरुवात सरकवलेली.

यावरून गंमत अशी की मर्लिन हे ब्रिटिश इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलं आणि मस्टँग विमानात बसवलं. तिथे वैमानिक ६७ इंचांची मर्यादा पाठ करायचा. स्पिटफायरमधला वैमानिक त्याच दाबाला "प्लस एटीन" म्हणायचा. १८ अधिक १४.७ म्हणजे ३२.७ पौंड, म्हणजेच साधारण ६७ इंच. दाब एकच, नावं दोन.

आता १९४० चा उन्हाळा. तोपर्यंत मर्लिनच्या बूस्टची मर्यादा होती अधिक सव्वासहा पौंड. ८७ ऑक्टेन पेट्रोलवर त्यापुढे गेलं की नॉकिंग. म्हणजे ठिणगीने लागलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटतं. दाबाचे हातोडे बसावेत तसे पिस्टनवर घाव पडतात. त्या वर्षी फायटर कमांडच्या विमानांना १०० ऑक्टेन मिळू लागलं आणि आणीबाणीसाठी अधिक बारा पौंडांची मुभा मिळाली. पाच मिनिटं, फक्त पाच.

आता आकडे बघा. सव्वासहावरून बारा. गेजवर वाटतं, जवळपास दुप्पट. ताकद किती वाढली? सुमारे १,०३० अश्वशक्तीवरून १,३१०. म्हणजे २७ टक्के. ॲब्सोल्यूट दाबात हिशोब करा: २०.९५ वरून २६.७. वाढ किती? २७ टक्के. ही दोन्ही मापं वेगवेगळ्या उंचीवरची आहेत, त्यामुळे आकडे इतके तंतोतंत जुळण्यात योगायोगाचा भाग आहे. पण दिशा पक्की आहे. इंजिनाने ॲब्सोल्यूट दाबाचं ऐकलं, काट्याच्या आकड्याचं नाही.

उंचीचं भानही महत्त्वाचं. बारा पौंड मिळायचे ते सुमारे ९,००० फुटांपर्यंत. सोळा हजार फुटांवर थ्रॉटल आधीच पूर्ण उघडा असायचा, मग आणीबाणीचं बटण ओढून काहीच मिळायचं नाही. सुपरचार्जर पातळ हवेतून तेवढा दाब काढूच शकत नव्हता. मागे मेसरश्मिट लागलेला असताना आपण कुठल्या उंचीवर आहोत आणि हा काटा अजून वर जाऊ शकतो का, हे माहीत असणं म्हणजे जगणं किंवा मरणं.

आणि हो, वैमानिक ते बटण सढळ हाताने ओढायचे. कोण नाही ओढणार! ऑगस्ट १९४० मध्ये फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाऊडिंग यांना त्याबद्दल लेखी समज द्यावी लागली. कारण पाच मिनिटांची मर्यादा हा कागदी नियम नव्हता. घरी परत आणणारं इंजिन तेच होतं.

पलीकडच्या बाजूला बघा. मेसरश्मिट १०९ मधलं डाइमलर-बेंझचं इंजिन त्या काळात १.३ ते १.४ अटावर चालायचं. १.३ अटा ब्रिटिश भाषेत साधारण अधिक चार पौंड. बारासमोर चार! मग जर्मन इंजिन दुबळं का? अजिबात नाही. मर्लिन २७ लिटरचं, डाइमलर-बेंझ जवळपास ३४ लिटरचं. मोठ्या भांड्यात कमी दाबाने भरलं तरी हवा तेवढीच बसते. दोन वेगळ्या इंजिनांच्या बूस्टची तुलना करून ताकद ठरवणं किती पोकळ आहे, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

एक नाव इथे घ्यायलाच हवं: स्टॅनली हूकर. हा गणिती १९३८ मध्ये रोल्स-रॉईसमध्ये आला आणि मर्लिनच्या सुपरचार्जरच्या मागे लागला. हवा दाबली की ती तापते आणि तापलेली हवा विरळ होते. कॉम्प्रेसर जेवढा अकार्यक्षम, तेवढी जास्त उष्णता. म्हणजे गेजवरचा दाब तोच, आत शिरणारी हवा कमी, नॉकिंगची भीती जास्त. हूकरच्या सुधारणांनंतर आणि पुढे १९४२ मध्ये स्पिटफायर मार्क ९ मध्ये दोन टप्प्यांचा सुपरचार्जर आणि इंटरकूलर आल्यावर त्याच २७ लिटरमधून कितीतरी जास्त ताकद निघाली, विशेषतः उंचावर. दाबाइतकंच तापमान महत्त्वाचं, हा धडा इथला.

काट्याला कायदा लागतो

आता युद्धातून शर्यतीत येऊ. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनॉने दीड लिटरची टर्बो फॉर्म्युला वन गाडी आणली. ती इतक्यांदा धूर सोडत बंद पडायची की लोक तिला पिवळी किटली म्हणू लागले. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, दिजोंला किटली जिंकली. १९८३ मध्ये नेल्सन पिके ब्रॅबहॅम-बीएमडब्ल्यूमधून जगज्जेता झाला, टर्बो गाडीतून पहिलाच.

१९८६ पर्यंत प्रकरण हाताबाहेर गेलं. पात्रता फेरीत बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरी इंजिन साडेपाच बारच्या आसपास चालवायचे. ताकद किती होती? बीएमडब्ल्यूच्या डायनोचं माप सुमारे १,२८० अश्वशक्तीलाच संपायचं, त्यापुढचा आकडा म्हणजे बूस्टवरून बांधलेला अंदाज. आज इंटरनेटवर १,४०० अश्वशक्ती म्हणून जे फिरतं, ते मोजमाप नाही, गुणाकार आहे.

मग नियम आले. १९८७ मध्ये फिसाने प्रत्येक टर्बो इंजिनाला पॉप-ऑफ व्हॉल्व्ह सक्तीचा केला. दाब ४ बारच्या वर गेला की व्हॉल्व्ह उघडणार. १९८८ मध्ये मर्यादा २.५ बार आणि संपूर्ण शर्यतीला १५० लिटर पेट्रोल. हे आकडे ॲब्सोल्यूट. आपल्या गेजच्या भाषेत ३ आणि १.५. गेजने बघाल तर दाब निम्मा झाला, पण खरी कपात साडेसदतीस टक्क्यांची.

सगळ्यांना वाटलं, आता टर्बो संपला. झालं उलटंच. १९८८ मध्ये मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. दाब सगळ्या टर्बोवाल्यांना सारखाच होता, मग फरक कुठून पडला? होंडाने ८४ टक्के टोल्युइन असलेलं इंधन वापरलं. ते नॉकिंगला दाद देत नाही, पण सहज उडतही नाही, म्हणून ते गरम करून द्यायचे. हवेचं तापमानही त्यांनी नियंत्रणात ठेवलं. काटा बांधून टाकल्यावर जे काट्यावर दिसत नाही, तिथे त्यांनी काम केलं.

पंचावन्न इंच

अमेरिकेतल्या इंडी गाड्यांची कथा तर थेट गेजच्या आकड्यावरच उभी आहे. तिथे बूस्टची मर्यादा इंच पाऱ्यात, ॲब्सोल्यूट. १९९४ मध्ये नेहमीच्या २.६५ लिटर रेसिंग इंजिनांना ४५ इंच. पण इंडियानापोलिस ५०० च्या नियमांत एक फट होती. साध्या, पुशरॉड पद्धतीच्या इंजिनांना ३.४३ लिटर आणि ५५ इंच. छोट्या कारखानदारांना हातभार लागावा म्हणून.

पेन्स्के संघ, इल्मोर आणि मर्सिडीज यांनी त्या एका शर्यतीसाठी गुपचूप नवं पुशरॉड इंजिन बनवलं. दहा इंच म्हणजे फक्त ०.३४ बार. पण ॲब्सोल्यूट हिशोबात २२ टक्के जास्त दाब, वर २९ टक्के जास्त आकारमान. पुशरॉड इंजिन तेवढ्या वेगाने फिरू शकत नव्हतं, तरी ताकद हजार अश्वशक्तीच्या आसपास गेली. अल अन्सर ज्युनियरने पहिल्या क्रमांकावरून सुरुवात करून शर्यत जिंकली. नंतर ५५ चे आधी ५२ आणि मग ४८ झाले. ते इंजिन पुन्हा कधीच शर्यतीत उतरलं नाही.

आणि शेवटचा किस्सा, मोजायच्या जागेचा. जून २००१, डेट्रॉइट, कार्ट मालिका. पॉप-ऑफ व्हॉल्व्ह सगळ्यांना सारखे, आयोजकांनी दिलेले. पण व्हॉल्व्हच्या खालून हवा कशी वाहते यावर त्याला कळणारा दाब अवलंबून असतो. वेगाने वाहणाऱ्या हवेचा कडेवरचा दाब कमी जाणवतो. म्हणजे आतला आकार योग्य असेल, तर व्हॉल्व्हला वाटणार दाब मर्यादेत आहे आणि इंजिनाला थोडा जास्त मिळणार. आयोजकांनी ऐन शर्यतीच्या आठवड्यात व्हॉल्व्हखाली एक जाड चकती बसवायचा आदेश काढला आणि इंजिन कंपन्यांमध्ये मोठं भांडण पेटलं. शून्य सारखं, एकक सारखं, व्हॉल्व्ह सारखा, तरी वाद. कारण जागा.

आता आपली गाडी

या सगळ्यातून बूस्टचा आकडा वाचायचे चार प्रश्न निघतात.

पहिला, शून्य कुठलं? हे तपासणं सोपं आहे. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. पुण्यात ॲपने ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवलं तर ते ॲब्सोल्यूट. मुंबईत १०० च्या थोडं वर. काटा शून्यावर असेल तर ते गेज दाब. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर सेन्सर किंवा त्याचं सेटिंग चुकलंय. आधी ते बघा. आणखी एक, काही ॲप बाहेरचा दाब न विचारताच १०१ वजा करतात. घाटमाथ्यावर तो आकडा कमी दिसणार.

दुसरा, बाहेरची हवा किती? समजा तुमच्या गाडीचा संगणक २ बार ॲब्सोल्यूट गाठायला बघतो. मुंबईत गेज १.० दाखवेल, पुण्यात १.०५, महाबळेश्वरला जवळपास १.१४. इंजिनाची ताकद वाढलेली नाही. टर्बोचं काम मात्र वाढलंय. मुंबईत हवा दुप्पट दाबायची होती, महाबळेश्वरला सव्वादोन पटींहून जास्त. टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते. घाट चढून आल्यावर "आज गाडी काय बूस्ट मारतेय" म्हणून खूष होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा, कुठे मोजलंय आणि हवा किती तापलीय? कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मोजलेला दाब इंटरकूलरनंतर कमी भरतो. आणि २ बारची हवा ४० अंशांवर असेल, तर ८० अंशांवरच्या त्याच दाबाच्या हवेपेक्षा तिच्यात जवळपास १३ टक्के जास्त माल असतो. लॉगमध्ये बूस्टशेजारी इनटेकचं तापमान नसेल तर तो लॉग अर्धाच. आणखी एक उलटा प्रकार. बूस्ट म्हणजे इंजिनाने न गिळलेल्या हवेची गर्दी. हेडचे मार्ग मोकळे केले, तर तेवढीच हवा कमी दाबात आत जाते. काटा खाली, ताकद वर.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: त्या क्षणी इग्निशन टायमिंग काय करतंय? नॉक सेन्सरला खडखड कळली की संगणक टायमिंग मागे घेतो. पिस्टन तुटतो तो नॉकिंगने, गेजवरच्या आकड्याने नव्हे. १९४० मध्ये ते असंच होतं, आजही तसंच आहे.

आता श्रोत्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: इंजिन धोक्यात आहे का? १.२ किंवा २.१५ या आकड्यांवरून ते सांगताच येणार नाही. तिसऱ्या गिअरमधला एक पूर्ण पुल रेकॉर्ड करा, रिकाम्या आणि सुरक्षित ठिकाणी. त्यात मागितलेला दाब, मिळालेला दाब, इनटेकचं तापमान आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग करेक्शन असू द्या. मिळालेला दाब मागितलेल्यापेक्षा उसळी मारून वर जात असेल आणि त्याच वेळी टायमिंग मागे जात असेल, तर तोच लॉग घेऊन ट्यूनरकडे जा. आणि तुमचा ट्यूनर हे चार रकाने दाखवायला टाळाटाळ करून फक्त "सर, १.२ बार होल्ड करतेय" म्हणत असेल, तर दुसरा ट्यूनर शोधा.

डाऊडिंगच्या वैमानिकांकडे एक काटा आणि पाच मिनिटं होती. आपल्याकडे लॉग आहे, घाई नाही आणि मागे कोणी लागलेलं नाही. मग निदान पूर्ण तक्ता तरी वाचू.

या भागाबद्दल प्रश्न असतील तर पाठवा. लॉग पाठवलात तर शहराचं नाव आणि चावी ऑन केल्यावरचा आकडा नक्की लिहा. त्याशिवाय मी काही बोलणार नाही. भेटू पुढच्या भागात.